पायऱ्यांवरून पडलेल्या बायका

डॉक्टरांची हाडं चहाच्या एका रिकाम्या खोक्यात असत. हैदराबादेत शिकत असताना त्यांनी ती कुठूनशी मिळवली होती आणि तुळजापूरला दवाखाना घातला तेव्हा पुस्तकांबरोबर बैलगाडीतून आणली होती. दुपारी पेशंट ओसरले की ते खोकं मागच्या खोलीत ओढत, चटईवर हाडं मांडत आणि मला म्हणत, "आधी हातात घे. वजन बघ. कडा बघ. नाव मागून."

मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होते. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा तापानं गेला आणि सासरच्यांनी मला वडलांकडं आणून सोडलं. देवळाच्या रस्त्याला वडलांचं ओटीच्या सामानाचं दुकान होतं. खण, नारळ, हळदकुंकू, कवड्यांच्या माळा. आम्ही लिंगायत. आमच्यात विधवेचं पुन्हा लग्न लावता येतं, आणि आईनं अक्कलकोटाकडचं एक स्थळ हेरूनही ठेवलं होतं. वडील मात्र म्हणाले, "पोरीला उर्दू लिहिता-वाचता येतं. ते चुलीत कशाला घालायचं?" राज्य निजामाचं. कचेरी उर्दू, वरची शाळा उर्दू, दवाखान्याचा कागद उर्दू. मराठी आमची तोंडातली, आणि आईची तर तीही नाही. ती रागावली की कानडीत शिरायची.

डॉक्टर मराठीच होते. पण बायका त्यांच्यापुढं पदर ओढून बसत, आणि दुखतं कुठं हेसुद्धा नवऱ्याच्या तोंडून सांगत. त्यामुळं त्यांना दवाखान्यात एक बाईमाणूस हवं होतं. त्यांनी वडलांना शब्द दिला, वर्षभर मदतीला येऊ दे, मी तिला तयार करतो आणि जिल्ह्याच्या दवाखान्यात नर्सिंग शिकायला चिठ्ठी देतो. कागदावर उस्मानाबाद, आमच्या बोलण्यात धाराशिव. तिथं आत घेण्याआधी तोंडी परीक्षा व्हायची, उर्दूतून, आणि तीत हाडं विचारणारच, असं ते म्हणाले.

ते शिकवायला उत्तम होते. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल, बाई उपकार विसरली.

खांद्यामागचा फरा म्हणजे कतिफ. गळ्याखालची हासडी म्हणजे तरकुवा. मांडीचं हाड फखिज, गुडघ्याची वाटी रजफा. स्नायू म्हणजे अजला, सांधा म्हणजे मफसल. हाड मोडलं तर त्याला म्हणायचं कसर. हा शब्द ऐकून मी पहिल्यांदा हसले. आमच्याकडं कसर म्हणजे राहिलेली उणीव, ती भरून काढायची असते. डॉक्टरही हसले आणि म्हणाले, "बरोबरच आहे की. हीसुद्धा भरून काढायची असते."

मी भाकरी थापताना नावं म्हणायची. अंगण सारवताना स्वतःच्या मनगटाला हात लावून बघायची. इतके दिवस ज्या अंगाला घरात सगळे अपशकुनी समजत होते, त्याच्या आत इतकी शहाणी रचना आहे, हे कळल्यावर मला माझ्या हातापायांचा पहिल्यांदा अभिमान वाटला. फक्त एका गोष्टीचा राग यायचा. मी एकदा नडगी म्हणाले तर डॉक्टरांनी मान हलवली. "ते बाजारातलं. कसबा म्हण." मग पेशंटलाही ते तसंच सांगायचे. सावरगावचा एखादा म्हातारा गुडघा धरून बसलेला असायचा आणि डॉक्टर त्याच्या मुलाला रजफा आणि रिबात ऐकवायचे. मुलगा "जी, जी" करत बाहेर जायचा आणि पायरीवर थांबून मला विचारायचा, "बाई, काय झालंय म्हणं आमच्या आप्पाला?" मी सांगायची, वाटीशेजारचा दोर ताणलाय. तेवढ्यानं त्याला सगळं कळायचं. ज्याचं अंग त्यालाच कळू नये अशा भाषेत का बोलायचं, हे मला तेव्हाही कळलं नाही.

कोरड्या हाडांवरून स्नायू कळेनात. म्हणून डॉक्टरांनी एक दिवस खाटकाकडून बकऱ्याची सोललेली मांडी मागवली. आमच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं. मी परसात जाऊन ओकले, तोंड धुतलं आणि परत येऊन बसले. डॉक्टरांनी चिमट्यानं एकेक पट्टा सोडवून दाखवला. मांस जिथं संपतं तिथं पांढरी दोरी होते, ती हाडात रुजते. त्या दोरीला वतर म्हणायचं. मी ती ओढली आणि गुडघा माझ्या हातात वाकला. मेलेल्या जनावराचा गुडघा वाकला. मी पुन्हापुन्हा ओढून बघत राहिले.

आईला वासावरून कळलं. तिनं मला उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"गळ्यात लिंग आणि हातात तंगडं," ती म्हणाली, आणि रागानं कानडीत शिरली. "साकु! पुरे. बस झालं हे शिकणं."

वडलांनी तिची समजूत घातली. शेवटी तिनं दोन अटी घातल्या. माझ्या गळ्यातल्या लिंगाच्या डबीवर तिनं जाड कापडाची पिशवी शिवून दिली, आणि दवाखान्यातून आल्यावर अंघोळ केल्याशिवाय चुलीजवळ यायचं नाही असं बजावलं. मी दोन्ही पाळल्या. माझ्याशी ती महिनाभर कामापुरतंच बोलली.

आता हाताचा धडा सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं असतात. आपल्याकडं दोन्हीला मिळून हाताची नळीच म्हणतात. हात आडवा धरून अंगठा वर केला की अंगठ्याकडचं हाड वर येतं. ते जंद-ए-आला, म्हणजे वरचं. करंगळीकडचं जंद-ए-अस्फल, म्हणजे खालचं. खालच्या हाडावर मांस जवळजवळ नाहीच. कोपराच्या टोकापासून करंगळीकडं बोट ओढत नेलं तर त्याची कड कातडीखाली सबंध लागते. मोडलं असेल तर बोट तिथं अडखळतं.

डॉक्टर उभे राहिले आणि म्हणाले, "पड."

मला कळेना.

"पाय घसरलाय समज. हात कसा टेकशील?"

मी तळहात पुढं करून जमिनीवर टेकला.

"बघ. सगळा भार अंगठ्याकडून चढतो. म्हणून पडलेल्या माणसाचं वरचं हाड मोडतं, तेही मनगटाजवळ." मग त्यांनी टेबलावरची लाकडी पट्टी उचलली आणि बोलता बोलता एकदम माझ्या डोक्यावर उगारली. मी हात वर केला. विचार करून नाही, आपोआप. पट्टी माझ्या हाताला टेकवून त्यांनी थांबवली. बरोबर करंगळीच्या बाजूला, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध.

"आणि मार चुकवणाऱ्याचं इथं मोडतं," ते म्हणाले. "खालचं, एकटंच. वरच्याला धक्का नाही. हे पडून होत नाही. पडून हे एकटं मोडून घ्यायचं म्हटलं तरी जमायचं नाही." आपण किती छान समजावलं याचं समाधान त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मलाही त्यांचं कौतुक वाटलं. हा माणूस नुसत्या हाडावरून सगळी हकीकत वाचतो, असं मी घरी वडलांना सांगितलं.

तुळजापुरात पायऱ्यांना तोटा नाही. देवळात उतरायच्या पायऱ्या, कल्लोळ तीर्थाच्या पायऱ्या, त्यावर सांडलेलं तेल, नारळाचं पाणी आणि हळद. यात्रेकरू खरंच घसरतात. मनगट सुजलेली माणसं आमच्याकडं नेहमी यायची आणि डॉक्टर म्हणायचे तसंच त्यांचं मोडलेलं असायचं, वरचं हाड, मनगटाजवळ. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की पायऱ्यांवरून पडलेल्या काही बायकांचं मनगट धड असतं. त्यांचा हात मधोमध सुजलेला असतो, करंगळीच्या बाजूला. शिवाय बांगड्या. पडलेल्या बाईच्या बांगड्या मनगटापाशी फुटतात. या बायकांच्या हातात काचा वर, पार अर्ध्या हातात रुतलेल्या असायच्या. त्या चिमट्यानं काढायचं काम माझं होतं. बांगड्या इतक्या वर कशा गेल्या, हे मला काही दिवस कळलं नाही. मग एकदा दोरीवर धुणं घालताना आईनं हात उंच केले आणि तिच्या बांगड्या सळसळत कोपराकडं घसरल्या. मी हातातलं धुणं तसंच धरून उभी राहिले.

मी डॉक्टरांना विचारलं. ते हात धूत होते.

"मला दिसत नाही असं वाटतं का तुला?" ते म्हणाले.

"मग तुम्ही कागदावर तसं का लिहिता? गिरने से, पडल्यामुळं म्हणून?"

"आपण हाड बसवायचं. लोकांची घरं बसवणं आपलं काम नाही."

त्यांना माहीत नसेल असं मी धरून चालले होते. माहीत असून ते लिहीत होते, हे मला आधी पचेचना. देवीच्या नावावर नवस घालतात, बोकड घालतात, ते मी लहानपणापासून पाहिलेलं. आता बायकांची मोडलेली हाडंही तिच्याच पायऱ्यांवर घालत होते, आणि खाली सही एका शिकलेल्या माणसाची.

पावसाळा सरता सरता माझी मैत्रीण आली. आमच्याच गल्लीतली, माझ्याहून वर्षानं मोठी. लहानपणी आमच्या घरी जेवायची, आईच्या हातची शेंगापोळी तिला लई आवडायची. हसायला लागली की शेजारच्या दुकानातली माणसं वळून बघत. तामलवाडीला चांगल्या शेतीवाडीच्या घरात दिली होती. बैलगाडीतून नवरा आणि सासू तिला घेऊन आले.

"देवीला आलतो," सासू म्हणाली. "पायऱ्यांवरून घसरली."

तिच्या कपाळाला देवळातलं कुंकू नव्हतं. पायाला शेतातला ओला चिखल होता, नखांत शेण होतं. कुणी अशा पायांनी देवळात जात नाही. तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान खाली घातली.

मी तिच्या कोपराच्या टोकाला बोट ठेवलं आणि करंगळीकडं ओढत नेलं. अर्ध्यात बोट अडखळलं. तिनं दात आवळले. हिरव्या काचा तिथंच होत्या, हाताच्या मधोमध. मनगट मी दाबून बघितलं, फिरवून बघितलं. मनगटाला काही झालं नव्हतं.

"हात वर केलता का गं?" मी हळू विचारलं.

उत्तर सासूनं दिलं. "पडल्यावर काय हात मोजत बसतंय व्हय माणूस?"

डॉक्टरांनी हात तपासला. मी केलं तसंच, कोपरापासून बोट ओढून. त्यांचं बोट जिथं थांबलं तिथं माझं थांबलं होतं. मग ते टेबलाशी गेले आणि टाक उचलला.

"गिरने से," लिहिता लिहिता ते पुटपुटले.

"डॉक्टरसाहेब," मी म्हणाले, "हे पडून मोडत नाही. तुम्हीच शिकवलंय मला. पडलं तर अंगठ्याकडचं मोडतं. हे करंगळीकडचं आहे, एकटं. हिला कुणीतरी मारलंय आणि हिनं हात आडवा घातलाय."

मी मराठीत बोलले, मुद्दाम. खोलीतल्या सगळ्यांना कळावं म्हणून.

"चुप रहो," डॉक्टर म्हणाले. "पट्टी लाओ."

नवरा दारात उभा होता. तो माझ्याशी बोललाच नाही. "डॉक्टर," तो म्हणाला, "तुमी रांडमुंड बाया ठिवल्यात ह्या, आमची जबानी घ्यायला?"

डॉक्टर हसले. मला तो हसण्याचा आवाज अजून ऐकू येतो. "मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "पोर अजून शिकतेय. अर्धवट ज्ञान आहे."

त्यांच्या पट्टीनं मला दिलेलं ज्ञान होतं ते, त्यांच्या तोंडचं, शब्दाला शब्द. ते अर्धवट नव्हतं. पुरं होतं, म्हणून तर अडचणीचं होतं. मी बांबूच्या कामट्या आणल्या, कापूस आणला, पट्टी धरली. मैत्रिणीचा हात बांधून होईतो पट्टी माझ्या हातून सारखी सुटत होती आणि ती दुसऱ्या हातानं माझं मनगट धरून मला सावरत होती. मोडलेला हात तिचा, आणि सावरत होती मला.

ते गेल्यावर डॉक्टरांनी दार लावलं.

"तुला काय वाटलं, मी लिहिलं असतं तर काय झालं असतं?" ते म्हणाले. "पोलीस ठाण्याचा अमीन आला असता? आणि आला असता तरी त्या घराचं मीठ खाऊन गेला असता. पुढच्या खेपेला त्यांनी तिला इथं आणलंच नसतं. हात सडला असता तिचा घरात. आत्ता निदान आणतात तरी."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं आणि त्यानं माझा राग जास्तच वाढला.

"मग पोरीला कशाला शिकवता?" मी म्हणाले. "ओळखायचं कसं ते कशाला दाखवलंत मला? मी आंधळीच बरी होते."

"चिठ्ठी हवी असेल तर आधी तोंड आवरायला शिक."

मी दुसऱ्या दिवसापासून गेले नाही. वडलांनी एकदा विचारलं, अमीनाकडं जाऊन सांगायचं का. मग तेच म्हणाले, अमीन डॉक्टरला विचारणार, आणि डॉक्टर काय सांगणार ते कागदावर आहेच. मी दुकानात बसून कवड्या ओवायला लागले. मैत्रिणीच्या वडलांकडंही जाऊन आले. त्यांनी मला पाणी दिलं, पानाचं तबक पुढं केलं, आणि म्हणाले, "संसारात भांड्याला भांडं लागतंय बाई." मी म्हणाले, "काका, भांडं न्हाय लागलं. हाड मोडलंय." ते उठून आत गेले.

थंडी पडल्यावर आमच्याकडं कासारीण आली. ती बांगड्यांची माळ घेऊन सोलापूर रस्त्यानं सगळी गावं फिरायची. आईच्या हातात बांगड्या भरता भरता ती म्हणाली, "तामलवाडीत तुमच्या गल्लीतली पोर हाय न्हवं? एकच हात पुढं करती. दुसरा पदराखाली. म्या म्हणलं, दोन्ही हात सारखे भरायचे असत्यात गं. तवा दावला. वाकडा झालाय. उताणाच हुईना. दुसऱ्यांदा मोडलाय म्हणं, अन् ह्या खेपंला कुणी बांधलाबी न्हाय."

म्हणजे नेलंच नव्हतं तिला कुठं. डॉक्टरांनी ज्याची भीती घातली होती ते झालंच होतं, मी बोलल्यामुळं का ते गप्प राहिल्यामुळं हे मला कुणी सांगू शकलं नसतं. पहिल्या खेपेला एक हाड गेलं होतं. ते जुळायच्या आत जात्यावर बसवलं असणार, आणि नंतरच्या मारात दोन्ही गेली असणार. दोन्ही हाडं एकमेकांभोवती फिरतात म्हणून आपला तळहात पालथा-उताणा होतो. ती तशीच वाकडी सांधली की फिरणं संपलं. मी कवड्यांची परडी बाजूला ठेवली आणि आईला हे सगळं सांगितलं. रडत नाही, ओरडत. बकऱ्याच्या मांडीचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, डॉक्टरांचं हसणंही सांगितलं. आतापर्यंत मी हे फक्त वडलांना सांगितलं होतं.

आईनं ऐकून घेतलं. तिनं कासारणीला विचारलं, "सासू घरात असते का दुपारी?"

दोन दिवसांनी आई आणि मी गाडी करून निघालो. सोलापूरला सिद्धरामेश्वराची यात्रा भरली होती, आणि आम्ही दरवर्षी मामाकडं जायचोच. तामलवाडीला आईनं गाडी सरळ त्या घरापुढं उभी करायला लावली. नवरा रानात होता. आईनं सासूला वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "पोरीला यात्रेला नेते. मूल होत नाही म्हणताय. मी नवस बोललेय हिच्यासाठी, जोडीनं नको, एकटीनंच फेडायचाय. दोन दिवसांत आणून सोडते." माझी आई, जिनं मला हाडाला शिवल्यावर चुलीपाशी येऊ दिलं नव्हतं, ती देवाच्या नावानं धडधडीत खोटं बोलली आणि तिची पापणीसुद्धा लवली नाही. मुलासाठीचा नवस म्हटल्यावर सासूला नाही म्हणता येईना. मैत्रीण नेसत्या लुगड्यानिशी गाडीत बसली.

वाटेत करोडगिरीचा नाका लागला. निजामाच्या शिपायानं बोचकं उघडून बघितलं, कापड नाही ना, तंबाखू नाही ना, आणि जा म्हणाला. नाका ओलांडला की इंग्रजी मुलूख. तिथं अमीनाचं चालत नाही. गाडी थोडी पुढं गेल्यावर आई मैत्रिणीला म्हणाली, "आता तुला परत जायचं असलं तर सांग. तुझं तू ठरव."

"न्हाय जायचं," ती म्हणाली.

मामा गिरणीत कामाला होता. त्याच्या ओळखीनं आम्ही तिथल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं हात पालथा करून पाहिला, उताणा करून पाहिला, तो झाला नाही. "कसं झालं?" त्यानं विचारलं. मी तोंड उघडणार होते. मैत्रीण माझ्या आधी बोलली.

"नवऱ्यानं मुसळ घातलं. दोनदा."

इतकं सरळ, की डॉक्टरच घोटाळला. त्यानं सांगितलं, हाड परत मोडून नीट बसवता येईल, पण खात्री नाही.

"आता कुणाला मोडू देणार न्हाय," ती म्हणाली आणि पदर ओढून उठली.

तिचा नवरा आधी माझ्या वडलांच्या दुकानात आला. वडील त्याला म्हणाले, पोर यात्रेत हरवली, देवालाच ठाऊक. त्यांना तेवढंच खोटं जमलं. मग तो सोलापूरला मामाच्या दारात आला. मैत्रीण स्वतः बाहेर गेली. मी मागं उभी होते, हातात काही असावं म्हणून लाटणं घेतलेलं. ती त्याला म्हणाली, "म्या येत न्हाय." त्यानं आवाज चढवला, हात उचलला, आणि मी पाहिलं, तिनं हात वर केला नाही. ती तशीच उभी राहिली. वाड्यातली गिरणीतून सुटलेली माणसं तोवर ओट्यावर येऊन थांबली होती. तो शिव्या देत गेला. पुढच्या वर्षी त्यानं दुसरी केली. त्या दुसरीच्या हातांचं काय झालं ते मला माहीत नाही, आणि हा विचार मला अजून सोडत नाही.

मी सोलापुरातच राहिले. मामानं खटपट केली आणि त्याच दवाखान्यात मला नर्सिंगला घेतलं. तिथं सगळं इंग्रजी. मला हाडं पहिल्यापासून शिकावी लागली. जंद-ए-आला झालं रेडिअस, जंद-ए-अस्फल झालं अल्ना, कसर झाली फ्रॅक्चर. इतर मुली रडकुंडीला यायच्या. मला फक्त नावं बदलायची होती, हाडं माझ्या बोटांना पाठ होती. वॉर्डात लागले त्याच आठवड्यात एक बाई आली. हात मधोमध सुजलेला, करंगळीच्या बाजूला. नवरा म्हणाला, गिरणीच्या जिन्यावरून पडली. डॉक्टरनं लिहिलं, फॉल. मी मागं उभी राहून ते अक्षर वाचलं. म्हणजे इथं भाषा बदलली होती, राज्य बदललं होतं, बायका मात्र पडतच होत्या.

तेव्हापासून मी एक केलं. पट्टी बांधताना नवऱ्याला आणि सासूला बाहेर बसवायचं आणि बाईला मराठीत, नाहीतर कानडीत सांगायचं, "हे पडून मोडत नाही. मला माहीत आहे. तुलाही माहीत आहे. दोघींनाही माहीत आहे एवढं लक्षात ठेव." काही रडायच्या. काही माझ्यावर चिडायच्या. एक-दोघी नंतर माझ्या खोलीवर आल्या, तिथं मैत्रीण असायची. ती माझ्याबरोबरच राहायला आली होती आणि दवाखान्याच्या स्वयंपाकघरात काम करायची. भाकरी तिला डाव्या हातानंच थापावी लागे. कधी मी फार तणतणले की ती म्हणायची, "तुझा राग तुझ्यापाशी ठिव. मला पीठ मळू दे."

निजामाचं राज्य गेल्यावर काही महिन्यांनी तुळजापूरचे डॉक्टर एका पेशंटला घेऊन आमच्या दवाखान्यात आले. मला पांढऱ्या साडीत बघून त्यांचा चेहरा फुलला. सोबतच्या डॉक्टरला ते म्हणाले, "ही माझी विद्यार्थिनी. हाडं मी शिकवलीयत हिला." मी नमस्कार केला नाही. ते थोडे ओशाळले. मग जरा बाजूला येऊन त्यांनी हळूच विचारलं, "तुझी ती मैत्रीण. तामलवाडीची. हात कसा आहे तिचा?"

म्हणजे ते विसरले नव्हते. इतकी वर्षं त्यांच्या लक्षात होतं, कोण, कुठली, कोणता हात.

"तळहात उताणा होत नाही," मी म्हणाले. "तीर्थ घ्यायला ओंजळ धरता येत नाही तिला."

त्यांनी मान डोलावली. "होणारच नाही," ते म्हणाले, आणि स्वतःचा हात पुढं धरून दोन हाडांच्या मधला पडदा कसा आखडतो, वरचं हाड खालच्याभोवती फिरायचं कसं थांबतं, ते मला समजावून सांगू लागले, त्याच सुरात, अगदी बिनचूक. मी त्यांचं पुरतं ऐकून घेतलं नाही. वॉर्डात पेशंट होते, मी तिकडं गेले.